अर्थमंत्री महोदय, आल्याच्या सोड्याला कोलाच्या रांगेतून बाहेर काढा

प्रति,
मा. अर्थमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : छोट्या सोडा कारखान्यांना जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (लहान उद्योगांसाठी उलाढालीवर ठोक कराची सोय) घेण्याबाबत.

सन्माननीय महोदय,
स.न.वि.वि.

मी साताऱ्यात सोड्याचा छोटा कारखाना चालवते. सासऱ्यांनी गोटीच्या बाटल्यांवर सुरू केलेला हा धंदा. आता बाटली प्लास्टिकची झाली, गोटी जाऊन फिरकीचं झाकण आलं, पण आमचं जिंजर आजही कोरेगावकडच्या आल्याचंच असतं आणि लेमन लिंबाचंच. आमच्या ओळखीतले असेच कारखाने गेल्या काही वर्षांत एकेक करून बंद झाले. कुणी जागा गोडाऊनला भाड्याने दिली, कुणी जारच्या पाण्याकडे वळलं, कुणी मोठ्या कंपनीची एजन्सी घेतली. लोक म्हणतात, कोलापुढे गावठी सोड्याचं काय चालणार, माल खपेना म्हणून बंद पडले असतील. हा समज खरा नाही. यातल्या बऱ्याच जणांचा माल शेवटच्या सीझनपर्यंत उचलला जात होता. गणित कुठे फसलं ते मला माहीत आहे, कारण तेच गणित दर मार्चला माझ्याही वहीत समोर येतं. ते सोडवणं जीएसटीचे दर नि नियम ठरवणाऱ्या, केंद्र आणि राज्यांच्या जीएसटी परिषदेच्या हातात आहे आणि त्या परिषदेत महाराष्ट्राची बाजू आपलं खातं मांडतं, म्हणून हे पत्र आपल्याला.

आधी दर सांगते. आपल्याला ते पाठ असतील, पण हे पत्र इतरही वाचतील. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. साखर नाही, चव नाही, नुसत्या पाण्यात गॅस भरलेला असा साधा सोडा १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. फळांच्या रसाचं बिनगॅसचं पेय १२ वरून ५ वर आलं. गॅसचं गोड किंवा चवीचं पेय मात्र आहे तिथेच राहिलं. आधी २८ टक्के जीएसटी आणि वर १२ टक्के उपकर होता, आता सरळ ४० टक्के. म्हणजे त्याच मशीनवर, तेच पाणी आणि त्याच सिलिंडरमधला गॅस वापरून मी साधा सोडा काढला तर ५ टक्के, आणि त्यात आल्याचा रस, लिंबू, साखर नि चिमूटभर काळं मीठ घातलं की ४० टक्के. साखर न घालता नुसतं आलं घातलं तरी ४०च. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं आम्हा जिल्ह्यातल्या सगळ्यांना कौतुक आहे. त्या स्ट्रॉबेरीचा रस घातलेलं पेय बाटलीत भरलं तर ५ टक्के; त्याच पेयात गॅस सोडला तर ४०. हॉटेलात बसून फ्रेश लाइम सोडा मागवला तर बिलावर ५ टक्के लागतात. तोच आम्ही बाटलीत भरून टपरीवर दिला की ४०.

सप्टेंबर २०१४ मध्ये कर्नाटकात तुमकुरूच्या फूड पार्कच्या उद्घाटनाला पंतप्रधानांनी शीतपेय कंपन्यांना सांगितलं होतं, की पेयात ५ टक्के तरी फळांचा रस घाला, शेतकऱ्याचा माल खपेल. आम्हाला ते फार पटलं होतं, कारण आम्ही तेच करत होतो. पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौला जीएसटी परिषदेची बैठक झाली आणि फळांच्या रसाच्या गॅसयुक्त पेयांनाही कोलाचाच दर लावायचं ठरलं. रस घालणारा आणि इसेन्स घालणारा यांच्यात कर आता काहीच फरक करत नाही.

खरा घाव मात्र दराचा नाही. तो २० सप्टेंबर २०१९ च्या गोव्यातल्या बैठकीतला आहे.

लहान कारखानदारासाठी जीएसटीत कंपोझिशनची सोय आहे. वर्षाची उलाढाल दीड कोटीच्या आत असेल तर एकूण उलाढालीवर १ टक्का भरायचा, मालावरचा कर वजा मागायचा नाही, कागदपत्रं थोडी. फरसाणवाला, लोणचीवाला, पापडवाला, सगळ्यांना ती मिळते. पान मसाला, तंबाखू आणि आइस्क्रीम बनवणाऱ्यांना ती सुरुवातीपासून नाही. गोव्याच्या बैठकीत या यादीत गॅसयुक्त पेयं बनवणारेही घातले गेले आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून आमचा हा दरवाजा बंद झाला. आइस्क्रीमवाल्या लहान उत्पादकांच्या बाबतीत दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये परिषदेला फेरविचार करायला सांगितलं होतं. आमच्याकडून कोर्टात जाणारं कुणी नाही. आम्ही विखुरलेले आहोत, एका जिल्ह्यातले सोडावाले एकमेकांना नीट ओळखतही नाहीत.

आता आमच्यापुढे दोनच वाटा उरतात. उलाढाल ४० लाखांच्या आत ठेवायची, म्हणजे नोंदणी लागत नाही आणि कर शून्य. किंवा ४० लाख ओलांडायचे आणि तिथून पुढच्या प्रत्येक बाटलीवर ४० टक्के भरायचे. पुढच्या वर्षी तर पहिल्या बाटलीपासून. मधली पायरीच नाही.

हे रुपयांत मांडते. आमची २०० मिलीची बाटली गिऱ्हाइकाला १० रुपयांना मिळते. दुकानदाराला आम्ही ती ७ रुपयांना देतो. बाटली-झाकण-लेबल, साखर, आलं-लिंबू, गॅस, वीज, मजुरी आणि लाईनच्या गाडीचं डिझेल धरून आमचा खर्च पावणेसहाच्या आसपास जातो. बाटलीमागे सव्वा रुपया सुटतो. त्यात मशीनची दुरुस्ती, फुटतूट, बुडालेली उधारी आणि आमचं घर. आता नोंदणी झाली असं धरा. त्याच ७ रुपयांत ५ रुपये आमचे आणि २ रुपये कराचे. कच्च्या मालावर भरलेला कर वजा मिळतो, हे मान्य. पण आलं शेतकऱ्याकडून येतं, लिंबू बाजार समितीतून येतात, त्यांच्यावर कर नाही, मजुरीवरही नाही. बाटली, झाकण, गॅस आणि साखर यांच्यावरचा मिळून वजा होतो तो ३५-४० पैसे. म्हणजे हातात येतात पाच रुपये चाळीस पैसे आणि खर्च पावणेसहा. प्रत्येक बाटलीला तोटा. जितका माल जास्त, तितका तोटा जास्त.

या हिशेबातली एक गोष्ट आपल्या अधिकाऱ्यांनी नीट पाहावी, अशी माझी विनंती आहे. ज्या कारखान्यात शेतमाल आणि माणसांचे हात जास्त, त्याला वजावट कमी. सगळं तयार विकत घेणाऱ्याला, इसेन्ससुद्धा, वजावट जास्त. मोठ्या कंपन्याही ४० टक्केच भरतात, हे मला ठाऊक आहे. पण त्या प्लास्टिक फुगवून बाटल्या स्वतःच बनवतात, साखर ट्रकने घेतात, आणि जाहिरातीचा खर्च देशभरच्या बाटल्यांवर वाटला जातो. आमचा खर्च सातारा, कोरेगाव आणि वाई एवढ्यावरच वाटायचा असतो.

मग भाव का वाढवत नाही, असं कुणीही विचारेल. आधीइतकंच सुटायचं तर दुकानदाराला सव्वानऊ रुपये लावावे लागतील आणि गिऱ्हाइकाला १२-१३ पडतील. त्याच दुकानात कंपनीची थंडगार बाटली १० रुपयांना आहे. शिवाय फ्रीज कंपनीचा. एसटी स्टँडजवळचा एक दुकानदार मला म्हणाला, "वहिनी, तुमचा माल लोक मागून घेतात, पण फ्रीजमध्ये ठेवला की कंपनीचा माणूस फोटो काढतो आणि फ्रीज उचलून न्यायची भाषा करतो." आमचा क्रेट दुकानाबाहेर उन्हात राहतो. गरम बाटली उघडली की गॅस एका झटक्यात निघून जातो आणि माणसाला वाटतं, सोडाच मुळात कमी भरलाय. क्रेटमागे बाटल्या फुकट देण्याच्या स्कीमा, महिन्याची उधारी, हे सगळं आम्ही सोसतो. तो धंद्याचा भाग आहे, त्याबद्दल सरकारकडे माझं मागणं नाही.

जिंजर कसं बनतं ते थोडं सांगते, म्हणजे "कार्बोनेटेड पेय" या एका शब्दाखाली कायकाय येतं ते ध्यानात येईल. साताऱ्यात आल्याचा व्यवहार गाडीवर चालतो, गाडी म्हणजे ५०० किलो. अक्षय्यतृतीयेच्या आसपास लागण, आणि डिसेंबर-जानेवारीपासून पुढे काढणी. भाव पडले की शेतकरी आलं जमिनीतच ठेवतो. आम्हाला असं जून आलंच हवं असतं. त्याला रेषा जास्त, रस कमी, पण झणका खरा. माती धुवायला दोन बायका सकाळपासून बसतात. आल्याच्या बोटांच्या सांध्यांत अडकलेली माती ब्रशनेच काढावी लागते, ती राहिली तर सगळ्या पाकाला मातकट वास येतो. मग वाटण, फडक्यातून पिळणं, आणि रस पातेल्यात स्थिर होऊ देणं. तळाशी पांढरट साका बसतो, वरचा रस तेवढा अलगद काढायचा. पाक, लिंबू आणि मीठ घालून तो चिलरमधल्या पाण्यात जातो. पाणी जितकं थंड तितका गॅस धरतं, म्हणून भरताना वीज गेली की तो घाणा वाया. एवढं करूनही दोन-तीन दिवसांनी बाटलीच्या तळाशी आल्याचा फिकट थर दिसतोच. इसेन्सच्या सोड्यात तो कधीच दिसत नाही. नवा दुकानदार तो थर पाहून माल परत करतो. जुना दुकानदार बाटली एकदा उलटी करून गिऱ्हाइकाला देतो.

कर वाचवायचा सोपा मार्ग आम्हाला अनेकांनी सुचवला. बिलाशिवाय माल घाला, दुसऱ्याच्या नावावर आणखी एक कारखाना दाखवा. आम्ही ते केलं नाही, करणारही नाही. पण सरळ चालणाऱ्याला ४० लाखांपाशी थांबवणारा आणि वाकडा चालणाऱ्याला मोकळं सोडणारा कायदा राज्याच्या तिजोरीच्याही फायद्याचा नाही, हे आपण जाणता.

थांबणं म्हणजे काय, तेही ऐका. सोड्याचा सीझन होळीपासून मृगापर्यंत. आर्थिक वर्ष संपतं मार्चअखेर. म्हणजे वर्षभराची उलाढाल काठावर येते ती नेमकी मार्चमध्ये, मागणी सुरू होते तेव्हाच. रंगपंचमीला बावधनचं बगाड, पाठोपाठ गावोगावच्या जत्रा, चैत्रात शिखर शिंगणापूरची यात्रा. ज्या टपरीवाल्यांनी वर्षभर आमचा माल लावला, ते मार्चमध्ये दुप्पट क्रेट मागतात आणि मला नाही म्हणावं लागतं. कामाला असलेल्या बायकांना नेमक्या कामाच्या दिवसांत सुट्टी द्यावी लागते. एकदा ऑर्डर परत पाठवली, की तो टपरीवाला एप्रिलमध्ये आपल्याकडे येईलच, असं नाही. त्याने तोवर कंपनीचा फ्रीज घेतलेला असतो.

सांगली जिल्ह्यात तर आणखी एक अडचण आहे. मिरजेहून म्हैसाळ ओलांडलं की पलीकडे कागवाड, म्हणजे कर्नाटक. बाजार एक, लग्नसंबंध एक, पण तिकडे एक क्रेट जरी विकायचा तरी नोंदणी सक्तीची, कारण राज्याबाहेर माल विकणाऱ्याला ४० लाखांची सूट नाही. म्हणजे पहिल्याच बाटलीपासून ४० टक्के. मिरजेचा सोडावाला घराजवळचं अर्धं गिऱ्हाईक सोडून देतो.

हवामानाचंही सांगायला हवं. २०२५ च्या मे महिन्यात पावसाने झोडपलं आणि मॉन्सूनही लवकर आला. वर्षाची कमाई ज्या महिन्यात होते तोच गेला. मोठी कंपनी एक मे महिना सोसू शकते. ४० लाखांत कोंडलेल्या कारखान्याकडे असा महिना सोसायला गंगाजळी नसते, कारण ती साठवण्याइतकं त्याला वाढूच दिलेलं नसतं. बंद पडणाऱ्याचा शेवटचा धक्का पावसाचा दिसतो, म्हणून कारणही पाऊसच धरलं जातं.

आता आरोग्याचा मुद्दा. जास्त साखरेची पेयं महाग असावीत, या विचाराला माझा विरोध नाही. मधुमेह घरोघरी आहे, आमच्याही घरात आहे, आणि साखर आमच्याही सोड्यात आहे. पण साखरेसाठी कर असेल तर तो साखर मोजून लावा. ब्रिटनने एप्रिल २०१८ मध्ये शीतपेयांवर असा कर आणला. १०० मिलीमध्ये ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर कर नाही, ५ ते ८ ग्रॅमला एक दर, ८ ग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल तर वरचा दर. त्यामुळे तिथल्या कंपन्यांनी साखर कमी केली. आणि वर्षाला १० लाख लिटरपेक्षा कमी पेय बनवणाऱ्या लहान उत्पादकाला त्यांनी या करातून वगळलं. आपल्याकडे ४० टक्के लावताना साखरेचा ग्रॅम मोजलाच जात नाही. बिनसाखरेच्या कोलालाही ४० आणि भरपूर साखरेच्या कोलालाही ४०. मी जिंजरमधली साखर निम्म्यावर आणली तर माझा कर एका पैशानेही उतरत नाही. मग हा कर आरोग्यासाठी आहे, असं आम्ही कशावरून मानायचं?

कंपोझिशनची सोय दिली तर मोठे लोक तुकडे पाडून तिचा गैरफायदा घेतील, अशी भीती परिषदेत असू शकते. ती अगदीच चुकीची आहे, असं मी म्हणणार नाही. पण कंपोझिशन पॅनवर मोजली जाते, एका पॅनवरच्या सगळ्या शाखांची उलाढाल एकत्र धरतात. बाटल्या भरण्याचं मशीन लपवण्यासारखं नसतं, त्याची ताशी क्षमता नोंदवून घेता येते. तरीही १ टक्का कमी वाटत असेल तर ५ घ्या, ६ घ्या. आम्ही कर चुकवायला बसलेलो नाही. आज ४० लाखांच्या आत कोंडलेला कारखाना विक्रीवर सरकारला जीएसटीचा एक रुपया देत नाही; त्याला एक कोटीपर्यंत जाऊ दिलं आणि ५ टक्के घेतले तर वर्षाला ५ लाख येतील. आमच्याही हाताला काम राहील, कोरेगावच्या आल्यालाही आणखी एक गिऱ्हाईक मिळेल.

एकट्या महाराष्ट्राने परिषदेत ठराव होत नाही, याची मला कल्पना आहे. तिथे केंद्राच्या मताला एक तृतीयांश वजन आहे, सगळ्या राज्यांच्या मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. पण विषय मांडायला एक राज्य पुरतं. तामिळनाडूत पनीर सोडा म्हणजे गुलाबाच्या स्वादाचा सोडा आहे, उत्तरेत बंटा म्हणजे गोटीच्या बाटलीतला सोडा आहे, गुजरातेत गावोगाव सोड्याची दुकानं आहेत. हा प्रश्न सगळीकडचा आहे. मांडणारं कुणीतरी हवं.

परिषदेचा निर्णय होईपर्यंत राज्याला स्वतःच्या अधिकारातही काही करता येईल. महाराष्ट्रातल्या द्राक्ष वाईनवर २० टक्के व्हॅट लागतो आणि त्यातले १६ टक्के वाइनरींना परत देण्याची योजना आपल्याच राज्याने आणली. त्याबद्दल माझी मुळीच तक्रार नाही. पलूसच्या वाईन पार्कमध्ये काय उमेदीने गुंतवणूक झाली आणि पुढे किती जणांच्या टाक्या रिकाम्या राहिल्या, ते सांगलीकडची माणसं अजून विसरलेली नाहीत. द्राक्षाच्या पेयाला राज्य हात देतं, ते योग्यच आहे. तोच हात आल्या-लिंबाच्या, कोकमाच्या आणि स्ट्रॉबेरीच्या सोड्याला द्यावा. ४० टक्क्यांतले २० टक्के राज्याच्या वाट्याला येतात. दीड कोटीच्या आतल्या आणि स्थानिक शेतमाल वापरणाऱ्या कारखान्यांना त्यातला मोठा भाग परत देणारी योजना येत्या अर्थसंकल्पात आणता येईल. शेतमाल खरंच वापरला की नाही हे तपासायला खरेदीच्या पावत्या आहेत, आणि अन्न व औषध प्रशासनाला बाटलीतलं पेय तपासता येतं.

महोदय, आमचं मागणं एवढंच आहे : कंपोझिशनमधून वगळलेल्यांच्या यादीतली गॅसयुक्त पेयांची नोंद काढण्याचा प्रस्ताव महाराष्ट्राने परिषदेच्या पुढच्या बैठकीत द्यावा, आणि तोवर राज्याच्या वाट्याच्या कराचा परतावा सुरू करावा. साताऱ्यातले आणि मिरजेतले आम्ही काही सोडावाले खरेदी-विक्रीच्या वह्या, विजेची बिलं आणि आल्याच्या पावत्या घेऊन मंत्रालयात यायला तयार आहोत. आपल्या अधिकाऱ्यांनी त्या हव्या तितक्या तपासाव्यात. भेटीची वेळ कृपया फेब्रुवारीच्या आतली द्यावी. मार्चच्या ऑर्डरी घ्यायच्या की परत पाठवायच्या, हे आम्हाला त्याआधी ठरवावं लागतं.

कळावे,
आपली विश्वासू,
एक सोडा कारखानदार,
सातारा.